सहावा छर्रा

सरळ चालताना गाडीचं काही म्हणणं नसतं.
स्वारगेटपासून बिबवेवाडीपर्यंत गप्प येते,
आमच्या गल्लीत डावीकडे वळवली
की कट् कट् कट् कट्,
कुणी दाराआड बसून सुपारी कातरतंय जणू.

नाना पेठेत यासीनभाईंनी गाडी न बघताच सांगितलं,
"अख्खा ॲक्सल टाका मॅडम, सहा हजार आठशे."
मी रबरी बूट घेतला, दोन क्लिपा, काळ्या ग्रीसची पुडी.
चारशे दहा.
पावती फाडताना म्हणाले, "करणार कोण?"

रविवार. पार्किंग. खाली पोतं, पोत्यावर मी.
बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मे महिन्यात स्वेटर घालून.
नटाची ठोकलेली कड छिन्नीने उचलली,
मग तीसचा पाना, पान्याला नळाचा पाइप,
पाइपावर माझं त्रेसष्ट किलो.
हलेना.
तिसऱ्या मजल्यावरून दाबके,
"ऑइल सांडू नका हं, परवाच फरशी धुतलीय."
मी पाइपावर उडीच मारली.
नट किंचाळला, आणि सुटला.

जॉइंट मांडीवर घेतला. फाटका बूट,
आत ग्रीस कमी, कात्रजचा चिखल जास्त.
"खूण कर," बाबा म्हणाले.
"कसली?"
"पिंजरा कसा बसलाय त्याची. आधी खूण, मग खोलणं."
खडू टिकेना. वर जाऊन नेलपेंट आणलं,
मावसबहिणीच्या लग्नाला घेतलेलं, वाइन रंगाचं.
पुसलेल्या पोलादावर एका फटकाऱ्यात बसलं.
माझ्या नखांवर कधी इतकं नीट लागलं नव्हतं.

एकतीस वर्षं बाबांनी भोसरीत हेच घासलं.
हेच म्हणजे असेच पिंजरे, सहा खिडक्यांचे,
दिवसपाळीला चारशे, रात्रपाळीला साडेतीनशे.
गाडी घेतली नाही. चालवायला शिकले नाहीत.
लहानपणी विचारलं, काय बनवता तुम्ही,
तर म्हणायचे, "भोकं."

रॉकेलमध्ये धुऊन पिंजरा त्यांच्या हातात दिला.
हात दीड वर्षापासून थरथरतो.
पिंजरा घेऊनही थरथरतच होता, थांबला वगैरे नाही.
पण अंगठा खिडकीच्या कडेवरून फिरत गेला
आणि चौथीपाशी अडला.
"ही खाल्लीय."
मला दिसेना. चष्मा लावून, टॉर्च मारून दिसेना.
मग नख फिरवलं. केसाएवढी पायरी.
"चालेल?"
"माझ्या टेबलावर रिजेक्ट."
जरा वेळाने, "चालेल. तुला कुठे रेसला जायचंय."

छर्रे परत भरताना पाच बसले.
सहावा बोटांतून निसटला, उतारावरून गेला,
ॲक्टिव्हांच्या रांगेखाली नाहीसा झाला.
मी पालथी. बाबा खुर्चीतून दिशा सांगतायत,
डावीकडे, अगं तुझ्या नाही, माझ्या डावीकडे.
कुंट्यांची जुई कुठूनशी आली, फ्रॉकला पुसून म्हणाली,
"हा मी ठेवू?"
मी नको म्हणायच्या आत बाबांनी तळहात पुढे केला.
तिने छर्रा ठेवला. तो त्या थरथरीत
वाटीत लिंबू हलावं तसा हलत राहिला
आणि जुई हसत सुटली,
"आजोबा, तुम्ही मुद्दाम करताय!"
"हो," बाबा म्हणाले.

संध्याकाळी एक फेरी. बाबा शेजारी, पट्टा मी लावला.
गल्लीत डावीकडे वळवली. नुसता टायरचा आवाज.
पुन्हा वळवली, स्टिअरिंग पार टोकाला नेऊन,
आइस्क्रीमवाल्याने हातगाडी मागे ओढली.
काही नाही.
मशिनच्या घरघरीत बाबांचे कान कधीच गेलेत,
त्यांचा तळवा डॅशबोर्डवर पालथा.
"गेला," मी ओरडून सांगितलं.
त्यांनी हात उचलला नाही.
उजवीकडे वळल्यावर म्हणाले, "हाही."
काच खाली करून ऐकलं. होता, अगदी बारीक,
इतके दिवस डाव्याच्या आडून बोलत असणार.

घरी येऊन कोपरापर्यंत हात घासले, कपड्यांच्या साबणाने.
नेलपेंट फ्रिजच्या दारात ठेवलंय.
अर्धी बाटली आहे अजून.